राजाची जोडी आणि टेबलावरचा एक्का

गेल्या शुक्रवारी रात्री मी हातातली राजाची जोडी पॅक केली आणि घरी आलो, तर चेहरा इतका हलका दिसत होता म्हणे, की बायकोने विचारलं, "किती जिंकलास?" म्हटलं, "अकरा डॉलर हरलो." ती काही बोलली नाही. लग्नाला बारा वर्षं झाली की माणसं असल्या उत्तरांच्या खोलात जात नाहीत.

पण तुम्हाला मात्र खोलात नेतो. शनिवारची सकाळ आहे, चहा झालाय, मुलगी पोहायला गेलीये, आणि हे लिहून टाकल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नाहीये.

आमचा अड्डा न्यू जर्सीत, एका मित्राच्या बेसमेंटमध्ये. एक शुक्रवार सोडून एक. सात-आठ जण जमतो. एक दंतवैद्य सोडला तर सगळे सॉफ्टवेअरवाले, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त ब्लफ तो दंतवैद्यच मारतो ("अजिबात दुखणार नाही" हे रोज वीस वेळा म्हणायची सवय, दुसरं काय!). चाळीस डॉलर घेऊन बसायचं, संपले की उठून बटाटेवडे तळणाऱ्याला मदत करायची. कुणी घर-बिर गहाण टाकत नाही.

ज्यांना पोकर येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (येत असेल त्यांनी खुशाल पुढे उडी मारावी). आम्ही टेक्सास होल्डेम खेळतो. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्यालाच दिसतात. मग टेबलावर सगळ्यांच्या मालकीची पाच पानं उघडतात: आधी तीन एकदम, त्याला म्हणतात फ्लॉप, मग एक, ते टर्न, मग शेवटचं, ते रिव्हर. दरवेळी पैसे लावायचे, दुसऱ्याने लावलेले भरायचे, नाहीतर पॅक करायचं. तीन पत्तीसारखंच, फक्त इथे निम्म्याहून जास्त माहिती सगळ्यांसमोर उघडी पडलेली असते. आणि तरीही माणूस ती बघत नाही. आजचा सगळा लेख त्याबद्दलच आहे.

हातात राजाची जोडी येणं म्हणजे काय, तर २२१ डावांत एकदा. आम्ही तासाला पंचवीसेक डाव खेळतो, म्हणजे जवळजवळ नऊ तासांतून एकदा. हिच्यावर फक्त एक्क्याची जोडी. त्यामुळे ती आली की छातीत धडधडतं, चेहरा मुद्दाम आंबट करावा लागतो. तुम्ही रुबाबात पैसे वाढवता, दोघंतिघं भरतात, फ्लॉप उघडतो... आणि त्यात एक्का!

च्यायला. आता आपल्या राजांना कुणीही एक्का हातात असलेला सोम्यागोम्या हरवू शकतो.

मला पहिली काही वर्षं वाटायचं की हे माझ्याच बाबतीत होतं. शेवटी एका रात्री वैतागून पायथनमध्ये चाळीस ओळी खरडल्या आणि संगणकाला दहा लाख वेळा पानं पिसायला लावली. खरं तर त्याची गरज नव्हती, कागदावर दोन मिनिटांत होतं. उरलेल्या ५० पानांत एक्के ४, बिनएक्क्याची ४६. तिन्ही पानं बिनएक्क्याची निघण्याची शक्यता ४६/५० गुणिले ४५/४९ गुणिले ४४/४८, म्हणजे साधारण ७७ टक्के. म्हणजेच शंभरातल्या २३ वेळा राजाच्या डोक्यावर एक्का बसणारच. राणीची जोडी असेल तर तिच्याहून मोठं पान ४१ टक्के वेळा येतं. गुलामाची असेल तर ५७ टक्के, दहाची असेल तर ६९. म्हणजे गुलामाची जोडी घेऊन जो फ्लॉपवर छोटीच पानं येणार असं धरून बसतो, तो बहुतेक वेळा चुकतो. दैवाचा काही संबंध नाही. आपण फक्त बिनएक्क्याचे फ्लॉप विसरतो आणि एक्क्याचे लक्षात ठेवतो.

आता एक्का आला. पुढे काय? इथे दोन चुका होतात आणि मी दोन्ही मनापासून केल्यात.

पहिली चूक: एक्का दिसलाच नाही असं वागायचं. "एवढी वाट बघून राजे आलेत, आता सोडू?" म्हणून टर्नवरही लावायचे, रिव्हरवरही लावायचे, आणि शेवटी समोरच्याने एक्का उलटा केला की नशिबाला शिव्या घालायच्या. खरी गोष्ट अशी की मागे पडलेली राजाची जोडी सुधारायला फक्त उरलेले दोन राजे असतात. फ्लॉपनंतर दोन पानं यायची असताना त्यातला एखादा येण्याची शक्यता साडेआठ टक्क्यांच्या आत. एवढ्या भरवशावर माणसाने छत्रीसुद्धा घरी ठेवू नये.

दुसरी चूक याच्या उलट. अशा एका डावात एका रात्रीत ऐंशी डॉलर घालवल्यावर मी सहा महिने एक्का दिसला की पॅक करत होतो. दंतवैद्याच्या ते लगेच लक्षात आलं. एक्का टेबलावर आला, की तो हातात काहीही नसताना पैसे लावायचा आणि मी निमूट पानं टाकायचो. खरं म्हणजे फ्लॉपवर एक एक्का असताना, समोर कुठलीही दोन पानं घेऊन बसलेला एकच गडी असेल, तर त्याच्याकडे एक्का असण्याची शक्यता साडेबारा टक्के. दोन गडी असतील तर चोवीस. अर्थात लोक एक्का सहसा फेकत नाहीत, त्यामुळे पैसे भरून आत आलेल्याकडे तो असण्याची शक्यता याहून जास्तच. पण "एक्का दिसला म्हणजे एक्का कुणाकडे तरी आहेच" हे काही खरं नाही.

मग करायचं काय? एक छोटा प्रश्न विचारायचा, आणि मग (हे महत्त्वाचं) उत्तर ऐकायचं.

आता परवाचा डाव सांगतो. माझ्याकडे बदाम राजा आणि इस्पिक राजा. मी दोन डॉलर केले. दोघांनी भरले: एक तो दंतवैद्य, दुसरा आमचा मास्तर. हा कधीकाळी कॉलेजात गणित शिकवायचा म्हणून मास्तर. शांत माणूस. तासाला दोन डाव खेळतो, ब्लफ मारल्याचं कुणी बघितलेलं नाही. टेबलावर आता सव्वासहा डॉलर. फ्लॉप आला: चौकट एक्का, किलवर अठ्ठी, इस्पिक तिर्री.

दंतवैद्य चेक. मी दोन डॉलर लावले, म्हणजे मधल्या पैशांच्या एक तृतीयांश. हा माझा प्रश्न: "तुमच्याकडे आहे का काही?" स्वस्तातला प्रश्न. मास्तरने पाचेक सेकंद घेतले आणि भरले. दंतवैद्याने पानं टाकली आणि वडा उचलला.

आता मास्तरकडे काय असेल? एक्का-राजा किंवा राणीची जोडी असती तर त्याने फ्लॉपच्या आधीच माझ्यावर वाढवलं असतं, एवढं मी त्याला ओळखतो. मग उरलं काय? एक्का-राणी, एक्का-गुलाम, एक्का-दहा: उरलेले तीन एक्के गुणिले चार, म्हणजे प्रत्येकी १२ प्रकारे, एकूण ३६. अठ्ठीची जोडी, जिची आता तिकडी झाली असेल: ३ प्रकारे. आणि मी ज्यांना हरवतो अशा जोड्या, म्हणजे सात, नऊ, दहा, गुलाम: प्रत्येकी ६, एकूण २४. म्हणजे ६३ पैकी २४ वेळा मी पुढे. ३८ टक्के. वाईट, पण मेलेलो नाही.

टर्नला बदाम छक्की आली. चार पानं, चारही वेगवेगळ्या रंगांची. मी चेक केलं. आणि मास्तरने सात डॉलर लावले.

मधे सव्वादहा होते, त्याचे सात, झाले सव्वासतरा. मला सात भरायचे. म्हणजे किमान २९ टक्के वेळा मी जिंकायला हवा, तरच ते भरणं परवडतं. आता हिशेब पुन्हा करायचा, कारण आता नवीन माहिती आलीये. गुलामाची किंवा नवाची जोडी घेऊन मास्तर इथे सात डॉलर लावेल? तो माणूस? चेक करून शेवटचं पान फुकट बघेल. त्या २४ पैकी चार वेळा लावेल असं उदार मनाने धरलं, तर माझे ४ आणि त्याचे ३९. नऊ टक्के. वर राजा येण्याचे चारेक टक्के धरा. २९ च्या जवळपाससुद्धा नाही.

हे सगळं गणित कागदावर सरळ आहे. पण हातात ते दोन राजे असतात ना! बदामाचा आणि इस्पिकचा. त्यांच्याकडे बघितलं की गणित पुसट होतं. कानेमान आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की नुकसान माणसाला तेवढ्याच फायद्यापेक्षा जास्त टोचतं. राजाची जोडी हातात आली त्या क्षणी आपण मनातल्या मनात जिंकलेलो असतो. मग पॅक करणं म्हणजे चार डॉलर सोडणं राहत नाही, आधीच आपली झालेली गोष्ट कुणीतरी हिसकावल्यासारखं वाटतं. २०१७ मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलनच्या लिब्रेटस नावाच्या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवलं. त्याला गणित आपल्यापेक्षा चांगलं येतं हे तर झालंच. पण मला त्याचा हेवा वेगळ्याच कारणाने वाटतो. राजा आणि दुर्री यांत त्याला लाडकं कुणी नसतं.

मी पानं टाकली. मास्तरला म्हटलं, "एक्का होता ना?" त्याने आपली पानं उपडीच गड्डीत सरकवली आणि म्हणाला, "सात डॉलर भरले असतेस तर दाखवला असता."

झालं. एवढाच डाव. पण गाडी चालवत येताना मला मार्च २०२३ आठवत होता.

तेव्हा मी पाच जणांच्या टीमचा लीड होतो. आमचं काम असं, की स्कॅन केलेली बिलं वाचायची आणि त्यातून तारीख, रक्कम, कर, विक्रेता वगैरे काढून ग्राहकाच्या हिशेबात टाकायचं. ऐकायला सोपं, करायला भयंकर. प्रत्येक विक्रेत्याचं बिल वेगळं, कुणाची एकूण रक्कम वर, कुणाची खाली, कुणाची हाताने खोडून लिहिलेली. दोन वर्षं आम्ही त्यात घातली. चांगलं काम होतं, खोटं कशाला बोलू. हातात राजाची जोडी होती.

टीममध्ये एक सांगलीचा मुलगा होता. पहिल्या आठवड्यात मला 'सर' म्हणत होता, ते बंद करायला लावलं तर 'दादा' वर आला. माझ्याहून हुशार. रात्री दोन वाजता त्याचे कोडबदल यायचे आणि सकाळी त्यात बोट ठेवायला जागा नसायची.

१४ मार्च २०२३ ला जीपीटी-४ आलं. त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी घरी बसून चाळीस नमुन्याच्या बिलांचा मजकूर त्याला एकेक करून दिला आणि म्हटलं, यातून तारीख-रक्कम-कर काढ. चाळीसपैकी सदतीस बरोबर. आमचं दोन वर्षांचं काम त्याच चाळीसांवर चौतीस.

म्हणजे बघा, मी प्रश्न विचारला होता. स्वस्तातला प्रश्न, एका शनिवारचा. आणि उत्तरही मिळालं होतं. मग मी काय केलं? ती फाईल बंद केली. सोमवारी कुणालाच सांगितलं नाही. स्वतःला सांगितलं, की ही बिलं सोपी होती, ते महाग पडेल, ग्राहक आपली माहिती बाहेर पाठवू देणार नाहीत. यातलं प्रत्येक वाक्य थोडंफार खरं होतं. हीच तर पंचाईत असते. एक्का दिसल्यावर जी कारणं सुचतात, ती कधीच पूर्ण खोटी नसतात.

त्याच महिन्यात दुसऱ्या टीमचा मॅनेजर जेवताना म्हणाला, "तुझा तो मुलगा मला दे. माझ्याकडे जागा आहे." मी हसून म्हटलं, "तो आमचा कणा आहे. सोडणार नाही." त्या मुलाला मी हे सांगितलंही नाही. कशाला विचलित करा!

नोव्हेंबरमध्ये कंपनीने आमचं काम बंद केलं. मला दुसरीकडे सामावून घेतलं. पाचातल्या तिघांना जायला सांगितलं, त्यात तो. त्याचा व्हिसा एच-१बी. नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस, तेवढ्यात दुसरी मिळाली नाही तर परत. आणि ते ६० दिवस थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसचे, जेव्हा इथे कुणी फोनसुद्धा उचलत नाही. बायकोच्या कॉलेजचा एकच सेमिस्टर उरला होता. जानेवारीत त्यांना विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. चार बॅगा, आणि एक कुकर हातात, कारण तो कुठल्याच बॅगेत बसेना. "दादा, तुम्ही खूप केलंत," असं म्हणून तो पाया पडायला वाकला, आणि मी त्याला वाकू दिलं.

ज्या टीमने त्याला मागितलं होतं, ती आजही आहे.

पोकरमध्ये मी हट्टाने राजे धरून बसलो तर माझे चाळीस डॉलर जातात आणि मी वडे तळतो. तिथे मात्र टेबलावर मी लावत होतो ते चिप्स माझे नव्हतेच. ही गोष्ट मला तीन वर्षं माहीत होती. पण परवा मास्तरच्या सात डॉलरसमोर पानं टाकताना, पॅक करणं किती सोपं आणि किती स्वस्त असतं हे हाताला कळलं, आणि मग ती गोष्ट नुसती माहीत असणं पुरेना.

तर घरी आल्यावर, रात्री साडेअकराला, म्हणजे पुण्यात सकाळचे नऊ, त्याला फोन लावला. तो आता पुण्यात आहे, नोकरी चांगली आहे. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर सांगून टाकलं. चाळीस बिलं, सदतीस-चौतीस, तो दुसरा मॅनेजर, "कणा" वगैरे सगळं.

पलीकडे बराच वेळ शांत. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. (तोच कुकर असेल का, असा मूर्ख विचार आला.)

मग म्हणाला, "दादा, तेव्हा तुम्ही सांगितलं असतंत तरी मी बहुतेक थांबलोच असतो. मला ते काम आवडायचं."

मला सुटल्यासारखं वाटणार, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "पण ते मी ठरवलं असतं ना."

मी म्हटलं, "हो."

"झोपा आता. उशीर झालाय तुमच्याकडे."

त्याने फोन ठेवला. रागावला का, माहीत नाही. मास्तरकडे एक्का होता की नाही, तेही माहीत नाही. तो खरंच थांबला असता की माझं मन राखायला म्हणाला, हे तर कधीच कळणार नाही. ती पानं आता गड्डीत गेली.

असो. सोमवारी ऑफिसात माझ्या हाताखाली आता सहा जण आहेत. त्यातल्या एकीला दुसऱ्या टीमने विचारल्याचं मला गेल्या मंगळवारी कळलंय, आणि मी तिला अजून सांगितलेलं नाही. आमचं काम उत्तम चाललंय, ती गेली तर मोठी अडचण होईल, एक्का-बिक्का अजून कुठे दिसत नाहीये. तरीही सकाळी दहाला तिच्याशी मीटिंग ठेवलीये. ती जाईल की राहील, ते ती ठरवेल.

पुढच्या शुक्रवारी अड्डा नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी आहे. वडे मी नेणार आहे.